बिरिक्ताची करंगळी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिले असते तर नाक मुरडले असते. अंगभर गंज, तोंड बोथट, दांडा पोखरलेला. पण ऐकून तर घ्या. मी कुदळ आहे, आणि तीही साधीसुधी नाही, मेलेल्यांना घर खोदून देणारी. रोमच्या अमलाखालच्या आफ्रिकेत, हद्रुमेतच्या बंदरामागे एका लोहाराने मोडक्या नांगराच्या फाळातून मला घडवले आणि ऑलिवच्या लाकडाचा दांडा बसवला. मला वाटले होते, कोणाच्या तरी मळ्यात जाईन, द्राक्षाच्या वेलींना आळी करीन. नशिबी आले भुयार.

मला घेतले गुद्देनने. तो ख्रिस्ताच्या माणसांच्या कबरी खणायचा. शहरातले बरेच लोक मढी जाळून राख मडक्यात भरायचे. आमची माणसे मात्र मेलेल्याला धुऊन, चादरीत गुंडाळून, अखंड ठेवायची. टेकडीच्या पोटात मऊ दगड होता. त्यात बोगदा खणायचा, दोन्ही भिंतींत माणसाच्या लांबीचे कोनाडे करायचे, एकेकात एकेक जण निजवायचा आणि तोंडावर चुन्याने कौले बसवायची. गुद्देन दमला की त्याचा धाकटा भाऊ मिग्गिन मला उचलायचा. धाकट्याचा हात हलका. थोरला मात्र मला असा आपटायचा की माझे सगळे अंग झिणझिणायचे.

हात चालायचे तसे दोघांचे तोंडही चालायचे.

“एवढंसं हाडसुद्धा हरवता कामा नये,” गुद्देन म्हणायचा. “शेवटच्या दिवशी हाक येईल तेव्हा हेच मांस, हीच हाडं उठणार आहेत.”

“म्हणजे म्हाताऱ्या दोनातचा सुजलेला गुडघापण उठणार? बिचारा तिथंही लंगडणार म्हणा की!”

“थट्टा नको, मिग्या.”

“थट्टा कुठं करतोय, दादा? आपण पाण्यात बुडी मारून ख्रिस्ताचे झालो ना, तेव्हाच उठलो. आता हे अंग म्हणजे जुना अंगरखा. फाटला तर फाटला.”

रविवारी ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर मोडायला सगळे जमत, तिथेही हाच वाद. कोणी म्हणे शरीर उठेल, कोणी म्हणे फक्त आत्मा, कोणी म्हणे तेजाचे नवेच अंग मिळेल. एकदा तर दोन पोक्त माणसे एकमेकांच्या दाढीला लोंबकळली. भावांच्या मधली बहीण बिरिक्ता या सगळ्याला हसायची. म्हणायची, “भांडा तुम्ही. मी उठले ना, की दोघांनाही येऊन सांगते कुणाचं खरं ते.”

तिच्यावरच पाळी आली. सम्राटाच्या वाढदिवशी चौकात त्याच्या पुतळ्यापुढे धूप जाळायला तिने नकार दिला आणि तिला आखाड्यात सोडले. मित्रांनो, मी ते पाहिले नाही, गुद्देनच्या अंगरख्याखाली होते. पण ऐकले. आधी लोकांचा गलका, मग अस्वलाची घुरघुर, मग तिची किंकाळी, आणि मग पुन्हा लोकांचा गलका, पहिल्यापेक्षा मोठा. अस्वलाने तिचे पोट फाडले आणि उजवा हात मनगटापासून तोडून खाल्ला. दुपारच्या खेळात त्या अस्वलालाही भाल्याने मारले.

आमच्या माणसांची रीत अशी होती की आखाड्यात पडलेल्याचा थेंब न् थेंब गोळा करायचा. दोघे भाऊ वाळूत गुडघ्यांवर बसून स्पंजाने रक्त टिपत होते, मांसाचे तुकडे चादरीत ठेवत होते. मिग्गिन रडत होता. गुद्देन मोजत होता. हाताशी येऊन तो थांबला, उठला आणि मला घेऊन तडक कातडी सोलणाऱ्याच्या आवारात गेला.

तिथे झाबुल्ला नावाचा माणूस अस्वल सोलत बसला होता. मारलेल्या जनावरांचे मांस गोरगरिबांना वाटून टाकायचा तिथला रिवाज.

“माझी बहीण आहे यात,” गुद्देन म्हणाला.

“मग उरक बाबा लवकर. मला अजून दोन रानडुकरं सोलायचीत.”

गुद्देनने सुरी मागितली नाही. त्याने मलाच अस्वलाच्या पोटात घातले. दगड फोडायला जन्मलेली मी, त्या दिवशी गरम आतड्यांत शिरले. अजून आठवले की शिसारी येते. मनगटाचे हाड मिळाले, तळवा मिळाला, चार बोटे मिळाली. करंगळी मिळाली नाही.

“उरलेली आतडी कुठायत?”

“गेली की! रंगाऱ्यांच्या गल्लीतल्या बाया सकाळपासून टोपल्या घेऊन उभ्या होत्या.”

आता जे झाले ते फक्त आमच्याच माणसाच्या हातून होऊ शकत होते. दुसरा कोणी रडला असता, घरी गेला असता. गुद्देन रंगाऱ्यांच्या गल्लीत शिरला आणि दार न वाजवता घरोघरी चुलीवरची मडकी पालथी घालू लागला. मी त्याच्या हातात होते, ती मडकी मीच फोडली. शेवटच्या घरात एक विधवा होती, निळ्या रंगाने तिचे हात कोपरापर्यंत डागाळलेले. तिची तीन पोरे वाडगे घेऊन बसली होती. महिन्यात पहिल्यांदा घरात मांस शिजत होते. गुद्देनने ते जमिनीवर ओतले आणि बोटांनी चिवडले. काहीच नव्हते.

मागून धावत आलेला मिग्गिन दारात उभा राहिला. “दादा, अरे काय चालवलंयस! करंगळीसाठी जित्या पोरांच्या तोंडचा घास सांडलास?”

“तुझी नव्हती का ती बहीण?”

“ती उठलीये, दादा. अस्वलाच्या पोटात नाहीये ती.”

गुद्देनने मला उगारले आणि दांड्याकडून भावाच्या हातावर हाणले. दोन बोटे मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मित्रांनो, मी दगडाचा आवाज ओळखते आणि हाडाचाही. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

बिरिक्ताला आम्ही करंगळीवाचूनच ठेवले. मिग्गिन बोटांना काठी बांधून टोपल्या वाहू लागला. भाऊ भावाशी बोलेना. आणि गल्लीतल्या बायकांनी जे पाहिले ते नवऱ्यांना सांगितले, नवऱ्यांनी बाजारात सांगितले. हे लोक आपल्या पोरांची मडकी फोडतात, आपल्या चुलीत मढी शोधतात. चौथ्या दिवशी भरदुपारी सगळी गल्ली पहारी आणि डांबराच्या बादल्या घेऊन टेकडीवर चढली.

“यांच्या कबरी उकरा! जाळा सगळी हाडं! मग बघू कसे उठतात!”

वरच्या बाजूच्या कबरी फोडायला सुरुवातही झाली होती. भुयाराच्या तोंडाशी दोघे भाऊच होते. चार दिवसांनी मिग्गिन पहिल्यांदा बोलला.

“दादा, तू आत जा. तिच्या अलीकडे छत पाड, वाट बुजव. मी इथं उभा राहतो.”

“तुला काय पडलंय तिच्या हाडांचं?”

“मला नाही पडलंय. तुला पडलंय ना.”

गुद्देन आत गेला. मला छतावर मारू लागला, आणि मऊ दगड ढिगाने कोसळू लागला. बाहेर पहिला धोंडा कोणाला तरी लागल्याचा आवाज आला, मग आणखी धोंडे, मग पहारी. मिग्गिन ओरडला. गुद्देन थांबला. ढिगाऱ्यात अजून एक माणूस सरपटत जाईल एवढी फट होती. त्याने मला खाली ठेवले. बिरिक्ताच्या कौलांकडे पाहिले. मग मला पुन्हा उचलले आणि ती फट बुजवली. का, ते त्यालाच ठाऊक. मी कुदळ, मला कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी नाही म्हटले असते.

संध्याकाळी तो भुयारात उजेड यावा म्हणून छताला ठेवलेल्या झरोक्यातून वर चढून बाहेर आला, मी कमरेला. भावाला शोधत तो खाली किनाऱ्यावर गेला, तर वाळूत एक काळा डाग होता, आणि डांबराचा वास. निळ्या हातांची ती विधवा तिथेच उभी होती. ती म्हणाली, “आकड्यानं ओढत आणलं त्याला. जाळून राख पाण्यात टाकली. आग लावेपर्यंत एकच ओरडत होता, आत कुणी नाही, आत कुणी नाही.” मग तिने मान खाली घातली. “माझ्या नवऱ्याचा भाऊ होता रे त्यांच्यात.”

गुद्देन तिच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला.

पुढच्या रविवारी वाद पुन्हा पेटला. राख समुद्रात गेली, मिग्गिन आता कशाने उठणार, असे एका तटाने विचारले. तो तर कधीच उठला, असे दुसऱ्याने सांगितले. मग सगळ्यांनी गुद्देनकडे पाहिले.

“मला विचारू नका,” तो म्हणाला. “मी करंगळी शोधायला गेलो आणि भाऊ घालवून आलो.”

त्याने ढिगारा उपसला आणि बिरिक्ताच्या खालचा कोनाडा खणला. तो माझा शेवटचा दिवस. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मला हळू चालवले. कोनाडा तयार झाला, पण त्यात ठेवायला काही नव्हते. माझ्या दांड्यावर मिग्गिनच्या तळव्याने पाडलेली झीज होती, तेवढीच काय ती त्याची खूण. गुद्देनने मला चादरीत गुंडाळले, आत निजवले, कौले बसवली आणि ओल्या चुन्यावर बोटाने नाव लिहिले: मिग्गिन.

मित्रांनो, कोणाचे खरे ते मला आजही ठाऊक नाही. लोखंडाला कोणी धर्म शिकवत नाही. पण एवढे सांगते. ज्याच्याशी वाद घालता, तो ऐकू येईल इतक्या जवळ आहे, तोवर त्याला जपा. हाडे मी पुष्कळ सांभाळली, ती कोणाशी भांडत नाहीत आणि कोणासाठी दारात उभीही राहत नाहीत. आणि शेवटच्या दिवशी खरोखरच हाक आली, “मिग्गिन, ऊठ,” तर या कोनाड्यात मी आहे. मला काही उठता यायचे नाही.