वरच्या गॅलरीतला नाच

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावाहून सेंट क्रॉयला येऊन तीन महिने होत आले, तरी केदारची बेटावर कोणाशी धड ओळख झाली नव्हती. हिमानीला इथे पिण्याच्या पाण्याची तपासणी करण्याची नोकरी मिळाली म्हणून दोघं आली. केदारचं काम घरूनच चालायचं. जुने मित्र फोनवर म्हणायचे, "यार, तू तर कॅरिबियनमध्ये मजा मारतोयस," आणि हा लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या हो म्हणायचा. बेट अमेरिकेचंच, पण गाड्या डाव्या बाजूने चालतात, आणि दुकानात शिरताना 'गुड मॉर्निंग' म्हटलं नाही तर काउंटरवरचं माणूस मान वर करत नाही; बेटाविषयी त्याचं ज्ञान एवढंच.

एका शनिवारी भाजी घेऊन येताना त्याला ढोल ऐकू आले. कम्युनिटी सेंटरच्या मैदानात काही माणसं पायांना पुरुषभर उंच काठ्या बांधून नाचत होती. काठ्या झाकणाऱ्या लांबलचक रंगीत विजारी वाऱ्यावर फडफडत होत्या. या नाचणाऱ्यांना इथे मोको जंबी म्हणतात, हे त्याला नंतर कळलं. तेव्हा तो नुसता आ वासून बघत राहिला.

"उंची किती तुझी?" शेजारून एका बाईंनी विचारलं. या मिस व्हर्ना, सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त नर्स. हा सगळा चमू त्याच चालवायच्या.

"सहा फूट दोन."

"आधी गुड मॉर्निंग."

"गुड मॉर्निंग. सहा फूट दोन."

"छान. पिशव्या खाली ठेव. कोणी पडलं तर झेलायचं."

त्या सकाळी त्याने दोघांना झेललं आणि तिसऱ्यासकट गवतात आडवा झाला. खरचटलेलं कोपर आणि चेंगरलेली कोथिंबीर घेऊन घरी पोचला, तेव्हा हिमानी दारातच थबकली.

"अरे, काय झालं?"

"मी व्हॉलंटियर झालो," केदार म्हणाला. इतका खूश तो बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता.

दर शनिवारी जाऊ लागला. मग एकदा मिस व्हर्नांनी सांगितलं, "वर गेल्याशिवाय पडणाऱ्याची भीती कळत नाही. चढ." केदार गच्चीच्या कठड्याजवळही न जाणारा माणूस. ट्रकच्या टपावर बसवून त्याच्या पायांना काठ्या बांधल्या, तेव्हा त्याने टपाची कड घट्ट धरून ठेवली होती.

"एका जागी थांबू नकोस," मिस व्हर्ना म्हणाल्या. "थांबलास की पडलास. चालत राहा."

तो चालला. आंब्याच्या शेंड्यापलीकडे एकदम समुद्र दिसला, इतका निळा की त्याला हसूच फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना.

डिसेंबरात चमू एका वृद्धाश्रमात कार्यक्रमाला गेला. पोचतात तोच वीज गेली. लिफ्ट बंद, आणि आजी-आजोबा सगळे वरच्या मजल्यावर, बहुतेक व्हीलचेअरवर. व्यवस्थापक ओशाळून म्हणाले, "पुन्हा कधीतरी या."

मिस व्हर्नांनी वर पाहिलं. जुनी ठेंगणी इमारत; वरची गॅलरी फारशी उंच नव्हती. "त्यांनी खाली कशाला यायचं?" त्या म्हणाल्या. "व्हीलचेअर कठड्याला लावा."

ढोल सुरू झाले. एकेक मोको जंबी गॅलरीखालून जाऊ लागला आणि कठड्याच्या गजांमधून हात बाहेर येऊ लागले. केदार सगळ्यांत शेवटी. त्याने फक्त एक चक्कर मारायची असं ठरलं होतं, आणि खाली हिमानी दोन्ही हात पसरून त्याच्यासोबत चालत होती.

जांभळी हॅट घातलेल्या एका आजीने त्याचा हात घट्ट धरला. "नाचतोस का?"

"मला नीट येत नाही, आजी," तो इंग्रजीत म्हणाला, पण 'आजी' मराठीतच निघालं.

"मग काय झालं? मी तर खुर्चीत आहे."

आता थांबणं शक्यच नव्हतं. केदार पुढे दोन पावलं, मागे दोन पावलं नाचू लागला. आजी खांदे उडवत होत्या. हॅट कपाळावर आली तरी त्यांनी हात सोडला नाही.

"केदार, स्लो डाउन," हिमानी खालून म्हणाली.

"स्लो केलं तर तुझ्यावरच पडेन."

ती हसत सुटली आणि हसता हसताच त्याच्या काठ्यांभोवती फेर धरू लागली. शेजारच्या आजोबांनी चमच्याने कठडा वाजवायला घेतला. आजींच्या पलीकडची बाई केस सारखे करून हात पुढे धरून बसली होती.

एवढ्यात वीज आली. व्यवस्थापक धावत गॅलरीत आले. "लिफ्ट सुरू झाली. चला, सगळ्यांना खाली नेतो."

एकही खुर्ची हलली नाही. "थांबा जरा," केस सारखे केलेली बाई म्हणाली. "आता माझी पाळी आहे."

केदारने तिच्याबरोबर नाच केला, मग आजोबांबरोबर, मग पुन्हा हॅटवाल्या आजींबरोबर. शेवटी मिस व्हर्नांनी त्याला जवळजवळ ओढतच ट्रकपाशी नेलं. हिमानीने पट्टे सोडले. तो जमिनीवर उतरला आणि गाडीकडे निघाला, पण पाय अजून वरच होते जणू. प्रत्येक पावलाला गुडघा पोटापर्यंत उचलत तो हिरवळीवरून बगळ्यासारखा चालला होता. हिमानीने ते पाहिलं, पाठोपाठ तसेच गुडघे उचलत निघाली, आणि गाडीपाशी पोचण्याआधीच हसून हसून मटकन गवतात बसली.