फळणार की तोडू?

थांबा, ती कुऱ्हाड जरा खाली ठेवा. मी वाळुंजाचं झाड बोलतोय. मुठेच्या काठी, आप्पासाहेबांच्या बागेच्या टोकाला, अर्धी मुळं पाण्यात सोडून उभा आहे तो.

मला कोणी लावलं नाही. पुरात वाहून आलेली एक फांदी गाळात रुतली आणि तिलाच मुळं फुटली. सदाशिव पेठ तेव्हा नुकती वसत होती. आप्पासाहेबांनी काठावर आंबे, पेरू, डाळिंबं लावली आणि त्यांच्या कुंपणात मीही आयताच सापडलो.

माणसांना वर्गवारीची भारी हौस. ही झाडं देवाच्या फुलांची, ही फळांची, ही सरपणाची. मी कुठेच बसेना. लाकूड हलकं, चुलीत नुसता धूर. टोपल्या विणायला माझ्या डहाळ्या नेतात, पण त्याबद्दल चार शब्द बरे बोलायची इथे पद्धत नाही. शेवटी मला वांझ झाडांत टाकून मोकळे झाले.

अहो, मी नर आहे! आंब्याच्या एकाच मोहरात नर-मादी दोन्ही नांदतात, आमच्या कुळात तसं नाही. आमच्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. माझी जोडीदारीण समोर, भांबुर्ड्याच्या काठावर उभी आहे. थंडीत मला पिवळे तुरे येतात, मधमाश्या माझा पराग घेऊन नदी ओलांडतात आणि तिची बोंडं उकलून कापूस उडतो. पण तिच्या अंगावर कापूस, माझ्या अंगावर नाही, म्हणून तिला हे लोक कापशी म्हणतात.

"ते निराळं झाड हाय, धनी. त्याची जातच येगळी," माळी भैरूनं एकदा ठणकावून सांगितलं. झालं! आमचा संसारच मोडीत काढला.

या घरची एक रीत आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, न फळणाऱ्या झाडापुढे यजमानानं कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "फळणार की तोडू?" झाडाच्या आडून यजमानाच्या बायकोनं झाडाच्या वतीनं उत्तर द्यायचं. आप्पासाहेबांच्या पत्नी मथुराबाई दर वर्षी म्हणायच्या, "फळेन हो, पुढल्या वर्षी नक्की." त्यांना मूल नव्हतं. मला कळायचं, हे आश्वासन एकट्या माझ्यासाठी नाही.

आणि नेमकी त्याच वेळी पलीकडून माझीच लेकरं कापसावर बसून येत आणि आप्पासाहेबांच्या पागोट्यावर उतरत. ते ती झटकून टाकत आणि मला पुन्हा विचारत, फळणार की तोडू? डोकं आपटायला मला दगडही मिळेना.

मग आप्पासाहेबांची दुसरी सोयरीक ठरली. त्या वर्षीही प्रश्न आला. उत्तर द्यायच्या ऐवजी मथुराबाई माझ्या आडून पुढे आल्या.

"आता मी उत्तर द्यायची नाही. इतकी वर्षं याला विचारलंत, मला विचारलंत. आपणांस कधी कोणी विचारलं का?"

आप्पासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. बायकोवर हात उगारता येईना, चारचौघांत शोभेना, म्हणून कुऱ्हाड माझ्यावर चालली. माझा फक्त बुंधा उरला. पुढल्या महिन्यात धाकट्या बाई घरात आल्या आणि मथुराबाईंचं अंथरूण माजघरातून कोठीच्या खोलीत गेलं. मला फार वाईट वाटलं. माझी बाजू घेणारं तेवढं एकच माणूस होतं.

वाळुंज तोडून मरत नाही, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. बुंध्याला धुमारे फुटले, तुरे आले. धाकट्या बाई येऊनही बरीच वर्षं झाली. पाळणा अजून माळ्यावरच आहे.

आज पुन्हा तोच दिवस. माझ्या धुमाऱ्यांआड आज धाकट्या बाईंना उभं केलंय. मथुराबाई विहिरीपाशी थबकल्या आहेत. आप्पासाहेबांनी कुऱ्हाड उचलली आहे आणि त्यांच्या पागोट्यावर, बघा, पांढरा कापूस येऊन बसलाय.

"फळणार की तोडू?"

धाकट्या बाईंनी तोंड उघडलं, मथुराबाईंकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. आता दोघीही आप्पासाहेबांकडेच बघताहेत.

मीही बघतोय. द्या की हो उत्तर!