औषध घोड्यांचं

तबेल्यात सगळे तिला माई म्हणत. हाक मारणाऱ्याचं काय जातं? एकेचाळिसाव्या वर्षी कूस उजवली नसताना दिवसातून पन्नास वेळा 'माई' ऐकलं की काळजात काय होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

शर्यतीच्या आठ घोड्या तिच्या ताब्यात होत्या. ऐन मोसमात घोडी माजावर आली की तिचं पळण्यात लक्ष लागत नाही, म्हणून रोज सकाळी प्रत्येकीच्या तोंडात एक तेलकट औषध सोडायचं. त्याने माज दबून राहतो. हातमोजे दिलेले होते, पण रबराच्या हातातून जीभ निसटते आणि अर्धं औषध भुईवर. माईने पहिल्याच आठवड्यात मोजे ठेवून दिले. उघड्या हाताने जीभ धरायची, औषध सोडायचं, बोटांवर ओघळलेलं ॲप्रनला पुसायचं. माईच्या हातून थेंब वाया जात नाही, असं मालक सहा वर्षं कौतुकाने सांगत आले होते.

लग्नाला सात वर्षं झाली होती. पाळी कधी यायची, कधी दडी मारायची. दवाखान्यात विचारलं होतं, "कुठलं औषध चालू आहे का?" माई हसली होती. "मला कसलं? औषधं आमच्या घोड्यांना." नवऱ्याला तपासून घ्या म्हटलं की तो विषय बदलायचा आणि दोन दिवस त्याला जेवण जायचं नाही.

या खेपेला मात्र पुरते दोन महिने उलटले होते. माई वजन उचलेना, जिना जपून उतरे. देवाने ऐकलं, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं.

त्या सकाळी घोड्यांची नवी डॉक्टरीण आली. पैदाशीसाठी ठेवलेल्या एका घोडीला तिने सोनोग्राफीचं यंत्र लावलं. पडद्यावर वाटाण्याएवढा काळा ठिपका दिसला. "राहिलं हिला," डॉक्टरीण म्हणाली, आणि माईला राहवेना.

"डॉक्टरबाई, मला पण बघता का? दोन महिने झाले."

"अहो माई, हे घोड्यांचं यंत्र! घरी पट्टीवर तपासलंत का?"

"तीनदा. एकच रेघ येते. पण त्या पट्ट्या मेल्या लबाड असतात."

डॉक्टरीण हसणार होती, तेवढ्यात तिचं लक्ष माईच्या चकाकणाऱ्या बोटांकडे गेलं. "हातमोजे कुठायत?"

"ते घालून कामं होतात होय?"

"किती दिवस असं चाललंय?"

"दिवस कसले? सहा वर्षं."

डॉक्टरिणीने बाटली उचलली आणि तिच्यावरचं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं. बायकांनी उघड्या हाताने शिवू नये. कातडीतून अंगात भिनतं. पाळी बिघडते, थांबते. डोस सोडून त्या बाटलीवरचं काही माईने कधी वाचलंच नव्हतं.

"आता हात लावू नका. पाळी येईल. पुढचं बायकांच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना हे सगळं सांगा," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. वयाबद्दल ती बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती. उतार वयाच्या घोडीबद्दल मालक काय बोलतात, ते माईने इथेच उभं राहून ऐकलं होतं.

तिने हात धुतले. साबण संपेपर्यंत धुतले. मग चाऱ्याच्या कोठीत गेली. नवराही तबेल्यातच कामाला होता, तो तिथे पोती मोजत होता. रडत, अडखळत तिने सगळं सांगितलं. आपणच आपल्या हाताने सहा वर्षं मूल अडवलं, हेही सांगितलं.

नवरा मटकन पोत्यावर बसला.

"म्हणजे माझ्यात खोट नव्हती?"

"काय?"

"अगं, म्हणजे इतकी वर्षं... माझ्यात काहीच खोट नव्हती!" त्याचा चेहरा उजळला. डोळे भरून आले. इतका सुखी तो लग्नाच्या दिवशीही दिसला नव्हता. त्याने फोन लावला. "आई, ऐक ना! माझ्यात काही नव्हतं गं!"

"अहो," माई म्हणाली, "मी एकेचाळीस वर्षांची आहे."

"थांब गं आई," तो फोनवर हसत म्हणाला, "ही काहीतरी म्हणतेय."