न मोडलेली काडी

बेलवलीच्या विहाराचे सेक्रेटरी शिवरामभाऊ यांच्याकडे समाजाचा तोंडी जमाखर्च असे. सोडलं त्या बाजूला देव, अंगारे, मुहूर्त, जातपंचायत. धरलं त्या बाजूला वंदना, शाळा आणि वेळेवर मीटिंग. मीटिंग वेळेवर कधी सुरू झाली नाही, पण ती धरल्याच्याच बाजूला.

त्याच हिशेबानं चौऱ्याऐंशी साली त्यांनी अंजनाची सुटका केली. तिचा नवरा धोंडिबा, चामटोलीचा, दारू पिऊन तिला बदडायचा. विहारात पाच जण बसले, दोघांच्या सह्या घेतल्या, विषय संपला. तेवढ्यात अंजनाच्या आईनं, चांगुणानं, पदराआडून गवताची काडी काढली.

"भाऊ, ही तेवढी त्याच्या हातनं मोडून घ्या. आपल्यात काडी मोडल्याबिगर सुटत नाय."

"आपल्यात होतं ते! आता आपण बौद्ध!" म्हणत शिवरामभाऊंनी काडी हिसकली आणि खिडकीबाहेर भिरकावली. अख्खीच्या अख्खी.

पुढं अंजनानं आनंदनगरच्या कारखान्यातल्या भगवानशी लग्न केलं. संसार चांगला झाला. मग भगवान तापानं गेला, आणि तिचे डोळे सुकायच्या आत धाकटा दीर रघु कोर्टात पोचला. म्हणे, हिचा पहिला नवरा जिवंत, कोर्टाचा घटस्फोट नाही, म्हणजे ही माझ्या भावाची बायकोच नव्हे. भावाची बेलवलीतली खोली खाली करा.

शिवरामभाऊ अंजनाला घेऊन उल्हासनगरला लछवानी वकिलांकडे गेले.

"ऐसा है भाऊ," वकील म्हणाले, "घटस्फोट कोर्टातून घ्या, नाहीतर जातीच्या जुन्या रिवाजानं घ्या. तोही कायद्याला चालतो. तुम्ही कसा घेतला?"

"समाजाच्या बैठकीत. रिवाज सुधारून."

"सुधारून?" वकिलांनी कपाळावर हात मारला. "अरे साईं, वही तो गडबड है! कोर्टात जुना माल खपतो, सुधारलेला नाही. काडी मोडली का?"

"ती अंधश्रद्धा..."

"मोडली का?"

शिवरामभाऊ तडकले. "धर्म बदलला तरी लग्नाला कायदा हिंदूंचाच लावता, आणि वर म्हणता जुनंच करा? मग आम्ही सुधारायचं कधी?"

"ते दिल्लीला विचारा. आमची सिंधी पंचायत बोलली की अख्खा बाजार ऐकतो. पण कोर्टात आम्हालाही हेच विचारतात, बाप-दादा करते थे क्या? तुमची साक्ष बुधवारी आहे."

जिना उतरताना अंजना इतकंच म्हणाली, "काका, तुमच्या शब्दावर मी दुसरं घर मांडलं."

हे वाक्य शिवरामभाऊंना बुधवारपर्यंत चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. दर रविवारी लोकांकडून खोटं न बोलण्याचं शील म्हणवून घेणारा माणूस पिंजऱ्यात उभा राहिला.

रघुचा वकील गोड हसला. "जुन्या रूढी गाडल्या, असं आपणच भाषणात सांगता ना?"

"सांगतो."

"मग काडीमोड तुमच्या समाजात आहे, की गाडली?"

शिवरामभाऊंनी अंजनाकडे पाहिलं. ती पदराचं टोक पिळत होती.

"आहे."

"त्या दिवशी काडी मोडली?"

"मोडली. धोंडिबानं मोडली. माझ्यासमोर."

मागच्या बाकावर चांगुणानं अशी ठाम मान हलवली, जणू त्या मोडण्याचा आवाज तिच्या कानात अजून घुमत होता.

दावा फेटाळला. खोली अंजनाला राहिली. तिनं पेढे आणले. शिवरामभाऊंनी एक तोंडात टाकला, आणि गोड लागला म्हणून स्वतःवरच चिडले.

महिन्याभरानं रविवारी चामटोलीची माणसं विहारात आली. नवरा-बायकोचं फाटलेलं, सोडवायचं होतं. शिवरामभाऊंनी सह्यांसाठी कागद पुढं केला. मुलीच्या बापानं तो बाजूला सारून पिशवीतून गवताची पेंडीच काढली.

"हे काय?"

"काडी. कोर्टात हीच चालती म्हणं. तुमच्याच साक्षीवर तर अंजनीची खोली वाचली."

"अहो, आपण हे सोडलंय!"

"सोडलं आसंल भाऊ. पण माझ्या पोरीवर उद्या कुणी रघु उलटला, तर ती काय दाखवंल? तुमचं भाषण?"

दाराशी बसलेली चांगुणा पदरात तोंड खुपसून हसत होती. शिवरामभाऊंनी रागानं पेंडीतली एक काडी उपटली, वाकवून पाहिली. ती नुसतीच लवली.

"ओली आहे ही," ते खेकसले. "वाळलेली आणा."