भूषणची सेटिंग

जळगावात लग्नाच्या मुलाबद्दल दोनच गोष्टी आधी विचारतात: घर स्वतःचं आहे का, आणि मुलगा करतो काय. पहिल्या प्रश्नाला नवलभाऊ छाती काढून उत्तर द्यायचे. दुसऱ्या प्रश्नाला त्यांना खोकला यायचा.

कारण त्यांचा मुलगा, म्हणजे एकोणतीस वर्षांचा भूषण, इंजिनीअर झाला, पाइपच्या कंपनीत लागला, 'शिफ्ट जमत नाही' म्हणून सोडून आला आणि दोन वर्षं घरात बसून गाडी चालवत होता. गाडी म्हणजे गाडी नव्हे हो! टेबलाला आवळलेलं एक चाक, पायाशी दोन पेडल आणि समोर स्क्रीनवर शर्यतीचा गेम. आणि 'चालवत होता' हेही जरा जास्तच झालं. तो सेटिंग करत होता.

चाक नऊशे अंशांत फिरावं की पाचशे चाळीस, वळणावर त्यानं हाताला किती झटका द्यावा, ब्रेक किती दाबल्यावर लागावा, डोळ्यांपासून स्क्रीन किती लांब असावी... हे शेवटचं तर त्यानं आईच्या शिवणाच्या टेपनं मोजलं होतं. शर्यत सुरू करायची, दुसऱ्या वळणावर थांबायचं, "छे, खरं वाटत नाही," म्हणायचं आणि आकडे बदलायला बसायचं. दोन वर्षांत त्या पठ्ठ्यानं एक शर्यत पुरी केली असेल तर शपथ! पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा 'रिअल ड्रायव्हिंग खान्देश' नावाचा दोनशे चौदा जणांचा ग्रुप होता, आणि त्यावर तो असा काही बोलायचा की सातपुड्यातले घाटरस्ते यानंच कोरलेत असं वाटावं.

अकरा स्थळं चहा पिऊन परत गेली होती. भूषणला त्याचं काही वाटलं नव्हतं. बारावं स्थळ साक्रीचं आलं, रोशनीचं, आणि तिचा फोटो पाहून मात्र गडी पुरता पाघळला. फोटोत ती एका पिकअपच्या दाराला टेकून उभी होती आणि कॅमेऱ्याकडे अशी बघत होती, जणू फोटो काढणाराच तिला उशीर करतोय. भूषणनं तो फोटो दिवसातून वीसदा पाहिला. ही हातची जाऊ नये असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं.

आईनं फोनवर सांगून टाकलं होतं, "मुलगा सेटिंगचं काम करतो." रोशनीचे वडील निंबा नाना म्हणजे तीस वर्षं यावलची केळी ट्रकमधून दिल्लीला नेलेला माणूस. ते फोनवरच खूश झाले. "सेटिंगवाला जवाई? मंग तर बठ्ठी कामं व्हतीन!"

रविवारी बापलेक आले. नानांचा गुडघा गेल्यापासून साक्रीचा कांदा धुळ्याच्या बाजारात रोशनीच नेत होती, त्यामुळे पिकअपही तिनंच आणली आणि गल्लीत दारासमोर लावली. केळीचे वेफर्स झाले, चहा झाला. नानांनी मिशी पुसली आणि विचारलं, "कोनता ऑफिसमा करस भो सेटिंग?"

नवलभाऊंना खोकला आला. भूषण मात्र उठला. "चला नाना, दाखवतोच."

आतल्या खोलीत त्यानं वीस मिनिटं व्याख्यान दिलं. नाना अर्ध्यातच उठून चाकासमोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी चाकावर मधोमध तळवा दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला.

"हॉर्न नही शे?"

"रेसमध्ये हॉर्न नसतो, नाना."

"मंग तू चालाडस कशी?"

पण चालवली त्यांनी. शर्यतीच्या रस्त्यावर, डाव्या कडेनं, बैलगाडीच्या वेगानं. मिनिटभरात थांबले. "हाई डावाकडे ओढी राहिनी."

भूषण हसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगताना हसायचा, तसा. "ओढत नाही, नाना. त्याला फोर्स फीडबॅक म्हणतात. रस्त्याचा खरा फील येतो हाताला."

"फील नही. ओढी राहिनी. बंद करी चालू कर."

भूषणनं बंद करून चालू केलं. सुरू होताना ते चाक आपणहून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आपला मध्य शोधतं. ते डावीकडे पूर्ण गेलं. उजवीकडे जाताना मध्येच खट्‌ करून अडलं. टेबलाला भूषणनं हेडफोन अडकवायला हूक ठोकला होता, त्यावर; म्हणून त्याला मध्य डावीकडेच सापडत होता. नानांनी हूक पिळून उपटला आणि टेबलावर ठेवला. पुन्हा चालू केलं. गाडी सुतासारखी सरळ!

दोन वर्षं, हजार आकडे, दोनशे चौदा शिष्य, आणि रोग काय तर हूक. दुसरा कोणी असता तर शरमेनं टेबलाखाली शिरला असता. भूषण म्हणाला, "हां, तेच मी आज बघणार होतो."

रोशनी इतका वेळ स्क्रीनवरचे शब्द वाचत होती. "हे डेड झोन म्हणजे काय?"

भूषणची कळी खुलली. "चाक हलवलं तरी गाडीला काही कळतच नाही, तेवढा भाग. आपण हलवतोय, हलवतोय, आणि गाडी आपली ढिम्म! चांगल्या सेटिंगमध्ये तो शून्य पाहिजे."

"तुमचा किती?"

"शून्य! अहो, माझ्या सेटिंगवर ज्याचा हात बसला, तो जगातली कुठलीही गाडी चालवेल."

देवानं तेवढंच ऐकलं असावं. बाहेर पाण्याचा टँकर येऊन ठेपला आणि हॉर्न कोकलायला लागला. गल्लीत पिकअप आडवी येत होती.

"भूषण काढेल ना!" आई कौतुकानं म्हणाली. "दिवसभर चाकावरच असतो."

रोशनीनं किल्ली पुढे केली. भूषणचं लर्निंग लायसन्स दोनदा काढून दोनदा संपलं होतं आणि त्याच्या टेबलाखाली क्लच कधी नव्हताच. पण तिच्यासमोर नाही कसं म्हणणार? बसला. पिकअपनं गचका दिला आणि बंद पडली. तीनदा तेच. चौथ्यांदा मागे जायच्या ऐवजी पुढे उडाली आणि समोरच्यांचा ड्रम आडवा करून थांबली.

"ओ हिरो!" टँकरवाला ओरडला. "पाणी आटेल इथं!"

भूषणनं काचेतून डोकं काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या गाडीच्या क्लचचं सेटिंग बरोबर नाही."

"उतरा," रोशनी म्हणाली.

तो उतरला. तिनं आधी ड्रम उभा केला, मग गाडीत बसली, मान मागे वळवली, दोनदा हॉर्न दिला आणि गटार नि विजेचा खांब यांच्या मधून पिकअप एका दमात गल्लीबाहेर काढली. नाना लंगडत मागोमाग गेले. चहा छान होता म्हणाले.

भूषणनं मंगळवारपर्यंत दर तासाला फोन पाहिला. त्या तीन दिवसांत त्यानं एकही आकडा बदलला नाही, ही गोष्ट खरी आहे, तेवढं श्रेय त्याला देऊ.

मंगळवारी दुपारी फोन आला. आईनं स्पीकरवर टाकला.

"अक्का, घर चांगलं शे, मानसं चांगली शेतस," नाना अवघडून म्हणाले. "पन पोरगी नही म्हनस. म्हनस, पोऱ्याना डेड झोन भलता मोठा शे."

आईनं फोन ठेवला. "भूषण, डेड झोन म्हणजे काय रे?"

दोनशे चौदा जणांना उठता-बसता अर्थ सांगणारा भूषण स्क्रीनकडे बघत राहिला.

आईनं दुसऱ्यांदा विचारलं, जरा मोठ्यानं. मग जवळ येऊन, खांदा हलवून विचारलं.

भूषण आपला ढिम्म.