बोअरचं पाणी आणि अस्थिबीज

शिरोळजवळच्या आमच्या गावात त्या सोमवारी मठापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या. महाराजांनी पुडीतून दिलेले 'अस्थिबीजा'चे हळद माखलेले दाणे घरच्या पाण्यात एक रात्र भिजवून आणायचे, असा हुकूम होता. महाराज फडकं सोडत, तांब्या पालथा करत आणि बहुतेकांच्या तांब्यातून पाण्याऐवजी थुलथुलीत, काचेसारखा गोळा परातीत पडे.

"बीज फुललं! हाड जित्तं हाय!" महाराज गरजत.

शेजारच्या धोंडुबाईचा गोळा तर एवढा मोठा निघाला की तो थेट पूजेलाच मांडला. आता तिच्या गुडघ्यात म्हणे नवं हाड येणार होतं!

आमचा तांब्या पालथा केला आणि पाणी भसकन महाराजांच्या पायावर सांडलं. तळाला साबुदाण्याएवढे दाणे तसेच.

महाराजांनी डोळे मिटले. "बसम्मा, तुझं हाड मेलंय. मेल्या हाडाला चाकू लागला तर माणूस टेबलावरनं उठत न्हाय. अकरा सोमवार हितं येऊन बस."

बसम्मा म्हणजे माझी सासू. मी त्यांना आत्ती म्हणते. त्यांच्या खालच्या जबड्यात पाण्याची गाठ वाढून हाड आतून पोखरलं होतं. शुक्रवारी कोल्हापूरला ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर अनुजांनी एक्स-रेचा फोटो दाखवून बजावलं होतं, "कडेला कागदाएवढं हाड उरलंय. थांबलात तर भाकरी चावताना जबडा मोडेल." गाठ काढली की त्या खड्ड्यात हाडाचे कण मिसळलेलं जेल भरायचं होतं. "वेलीला मांडव घालतो ना, तसं. त्यावर तुमचंच हाड चढतं आणि जेल हळूहळू विरून जातं."

हे जेलचं कौतुक मीच गल्लीभर सांगत सुटले होते. महिनाभरात महाराज उगवले, तेही जेलीच घेऊन! माकडाच्या हाती कोलीत दिलं ते असं.

घरी आल्यावर आत्तींनी डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. "शिवांजली, मी न्हाय जाणार. मला टेबलावर मरायचं न्हाय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी खरं सांगते, मीही घाबरले. धोंडुबाईचं बीज फुगलं, मग आमचंच का नाही? मी बळंच नेलं आणि खरंच काही झालं तर?

संध्याकाळी पातेल्याच्या तळाचा पांढरा थर खरवडताना माझा हात थांबला. आमच्याकडची जमीन क्षारपड, बोअरचं पाणी मचूळ. साबणाला फेस म्हणून येत नाही. धोंडुबाईकडे मात्र नदीच्या पाण्याचा नळ! पुडीच्या घडीत थोडे दाणे अडकले होते. निम्मे धोंडुबाईकडून आणलेल्या नळाच्या पाण्यात टाकले, निम्मे बोअरच्या. तासाभरात नळाचा पेला जेलीनं गच्च भरला. बोअरच्या पेल्यात पाणीच पाणी.

दाण्यांवरची हळद धुतली गेली आणि मग ते ओळखीचे वाटले. वारणानगरला माझे वडील, आण्णा, रोपवाटिकेत रोपांच्या मुळाशी हेच दाणे घालायचे. गोडं पाणी पिऊन टम्म फुगतात, खाऱ्या पाण्यात मात्र फुगत नाहीत. अस्थी कुठली आणि बीज कुठलं!

सकाळी आत्तींना ओढतच मठात नेलं. पूजेतल्या धोंडुबाईच्या गोळ्यावर मी मूठभर मीठ टाकलं आणि कालवलं. बघता बघता गोळा खचला, परातीत पाणी झालं.

"पाप! हिनं बीज मारलं!" महाराज ओरडले. गर्दी अंगावर आली. कुणीतरी माझा दंड धरला.

तेवढ्यात आत्ती पुढं झाल्या. सुजलेल्या गालावरचा पदर त्यांनी काढला. "महाराज, मिठानं बीज मरतंय व्हय? मी तर जन्मभर मीठ खातीया. माझं हाड कवाच मरायला पायजे हुतं की!"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. माझा दंड सुटला. मी दोन्ही पेले मांडले आणि सगळं सांगितलं. ज्यांची बीजं फुगली नव्हती ती सगळी घरं बोअरवाली निघाली. गुरुवारी मठाला कुलूप होतं. धोंडुबाईचा गुडघा होता तसाच होता.

शुक्रवारी दवाखान्यात आत्तींनी माझा हात सोडला नाही. डॉक्टर म्हणाल्या, "धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. हाड किती येईल तेही सहा महिन्यांनी फोटोतच कळेल."

आत्ती पुटपुटल्या, "ह्या डाक्टरणीचं ऐकून भ्या वाटतंय. पर ही खोटं बोलंना." आणि त्या आत गेल्या.

सहा महिन्यांनंतरच्या फोटोत काळ्या खड्ड्याच्या कडेनं पांढुरकं जाळं धरलं होतं. "येतंय, अजून वेळ लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

बाबांनो, घाबरणं हा गुन्हा नाही. मीही घाबरले होते. पण घाबरलेल्या माणसानंच आधी प्रश्न विचारावा, कारण भोंदू त्याच्याच दाराशी येतो. परवा एक पाहुणे दुसऱ्या कुठल्याशा बाबाचा चमत्कार सांगत होते. आत्ती भाकरीचा तुकडा सावकाश चावत ऐकत होत्या. घास गिळून त्यांनी एवढंच विचारलं, "व्हय पावणं, पर पाणी कुठलं हुतं?"