एकाच पोत्यातलं बियाणं

धाकट्या बहिणीच्या वावरातलं घेवड्याचं एक झाड थोरलीने मुळासकट उपटलं आणि इकडेतिकडे बघत पिशवीत कोंबलं. तिच्या स्वतःच्या वावरातलं दुसरं झाड आधीच पिशवीत होतं.

वडिलांच्या पश्चात जमीन दोघींत निम्मी झाली होती. बियाणंही एकाच पोत्यातलं. तरी धाकटीचं पीक हिरवंगार, आणि हिचं कावीळ झाल्यासारखं. बरं, राबायचं तर हिनेच. अळी दिसायच्या आधीच हिने औषध फवारलं, मुळांशीही ओतलं. तिकडे पानांची चाळण झाली, तरी धाकटी आपली हसतेय, "किड्यांनाही पोट असतं!" लहानपणीही घर झाडायचं हिने आणि शाबासकी मिळायची तिला.

कृषी केंद्रातल्या बाईंनी दोन्ही मुळं धुतली. धाकटीच्या झाडाच्या मुळांना मण्यांसारख्या गाठी होत्या. बाईंनी एक नखाने फोडली. आतून गुलाबी.

"यात जिवाणू राहतात. हवेतलं नत्र घेऊन झाडाला भरवतात. या पिवळ्याला मात्र गाठी जवळजवळ नाहीतच. मुळांशी औषध ओतलंत?"

"अळीसाठी."

"एकदाच?"

थोरली पिवळं झाड पुन्हा पिशवीत घालू लागली.

"अळी गेली असेल, पण हे बिचारेही गेले. आणि हे हिरवं कुणाचं?"

"आहे एकीचं."

ती परतली तेव्हा धाकटी बांधावर बसली होती.

"ताई, रागावू नकोस, पण तुझं पीक बघितलं की जीव जळतो गं माझा. एका पानाला भोक नाही! वरवर हसते मी, पण शेंगा धरेपर्यंत माझी पानं उरतात की नाही, कुणास ठाऊक. तू मुळांशी ओततेस ते दे ना थोडं. उद्याच ओतते."

खोपीत औषधाचा डबा अर्धा भरलेला होता. 'जा, घेऊन जा,' हे शब्द थोरलीच्या अगदी ओठांवर आले. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"संपलं."

"मग नाव सांग. मी आणते."

"आता मिळत नाही ते."

धाकटीचा चेहरा उतरला. "द्यायचं नाही, असं सरळ म्हण की."

ती तरातरा निघून गेली. थोरलीने तिला हाक मारली नाही. धाकटी उठली होती तिथेच ती टेकली आणि आपल्या वावराकडे बघत राहिली. इथून खरंच, एकाही पानाला भोक दिसत नव्हतं.